क्रॉस धरायचा की पंच मारायचा? आधी हातातले ग्लोव्ह्ज बघ

तुझी पोस्ट दोनदा वाचली. कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर तू. कोच म्हणतात, क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर उंच टाकलेला बॉल, आला की सरळ पंच मार, मुठीने उडव. टीममधली पोरं म्हणतात, धरत का नाहीस. मागच्या मॅचला हातातून निसटलेल्या बॉलवर गोल बसला आणि आता विद्यापीठाच्या ट्रायल तोंडावर आल्यात. हे सगळं तू व्यवस्थित मांडलंयस, पण सगळ्यात कामाचं वाक्य जाता जाता टाकलंस: 'ग्लोव्ह्ज कॉलेजच्या स्टोअरमधले आहेत, थोडे मोठे होतात.' त्या 'थोडे मोठे'पायी माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून हे लांबण लावतोय.

उडी कोणत्या पायावर घ्यायची, गुडघा कुठे ठेवायचा, 'कीपर!' म्हणून कधी ओरडायचं यात शिरत नाही. कॉलेजच्या टीमपर्यंत पोचलायस म्हणजे एवढं येतच असणार.

माझं मत एकतर्फी आहे, पटलं नाही तर सोडून दे. धरता येण्यासारखा क्रॉस धरायचाच. पंच ही गर्दीतली सोय आहे, ती कीपरची शैली होऊ नये. बॉल धरला की हल्ला तिथेच संपतो, आपली पोरं श्वास घेतात, आणि बॉल तुझ्या ताब्यात असताना समोरच्याला तुला आव्हान देता येत नाही. पंच केलास की बॉल जिवंतच राहतो आणि मोठ्या डीच्या, म्हणजे पेनल्टी बॉक्सच्या, तोंडावर त्यांचा एखादा हाफ (मधल्या फळीतला) त्याचीच वाट बघत उभा असतो. पंच मारायचा कधी? हात पूर्ण वर गेल्यावर दोन्ही तळव्यांना बॉलपर्यंत मोकळी वाट नसेल तेव्हा. मध्ये कुणाचं डोकं, खांदा, कोपर आलं की मूठ. हल्ली मोठमोठ्या लीगमध्येही कॉर्नरला कीपरभोवती चार-पाच जण उभे करून बॉल गोलच्या दिशेने वळवत टाकतात. तिथे तळवे उघडून वर जाणारा फसतो.

आणि धरणं की पंच याच्याही आधी एक निर्णय असतो: बाहेर यायचं की रेषेवर थांबायचं. 2022 च्या वर्ल्डकपमध्ये मोरोक्कोच्या एन-नेसिरीने पोर्तुगालला जो हेडर मारला तो बघ. कीपर कोश्टा बाहेर आला आणि पोचलाच नाही, मग तळवा काय अन् मूठ काय. उलट 2014 च्या वर्ल्डकप फायनलमध्ये जर्मनीचा कीपर नॉयर डीच्या कडेपर्यंत धावत आला, अर्जेंटिनाचा हिग्वाइन समोरून येत होता, तरी त्याने मुठीने बॉल लांब उडवला. इतक्या बाहेर, पळत्या अंगाने तो धरायला गेला असता तर काय झालं असतं कोण जाणे. निघाला तो मात्र पोचायची खात्री करूनच. उशिरा ठरव, पण ठरलं की सुसाट नीघ.

आता ग्लोव्ह्ज. मी जिच्याकडून खेळायचो त्या संस्थेचं नाव घेत नाही. तिथे किट एकगठ्ठा यायचं आणि कीपरचे ग्लोव्ह्ज सगळे दहा नंबरचे. माझा हात आठचा. बोटांची टोकं रिकामी लोंबायची. जोरात आलेला क्रॉस तळव्याला लागला की ग्लोव्हच्या तळव्यावरचा लॅटेक्सचा (रबराचा) थर कातडीवरून मागे सरकायचा आणि बॉल त्याच्याबरोबर. टोकांत कापूस कोंबून पाहिला, मनगटाला चिकटपट्टी गुंडाळून पाहिली. कापूस घामाने भिजून गोळा व्हायचा, पट्टी हाफटाइमपर्यंत सुटायची.

स्टोअरवाल्याचं म्हणणं, कीपरच्या ग्लोव्ह्जला माप नसतं, एकच साइझ असते. अर्ज दिला. साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेलो तर अर्ज सापडेना. तिसऱ्या वेळी कळलं की मंजूर यादीत 'ग्लोव्ह्ज, जोड्या' एवढाच रकाना आहे, मापाचा रकानाच नाही, त्यामुळे बदलून देता येत नाही. बरं, स्वतःच्या पैशाने घेतो म्हटलं, तर संस्थेचा शिक्का नसलेलं किट मैदानात चालणार नाही. वर पुन्हा, 'पूर्वीचे कीपर कसे खेळायचे?' पूर्वीचे कीपर उघड्या हातांनी खेळायचे, साहेब, आणि तेच बरं होतं!

मग काय, मी मुठी मारायला लागलो. मूठ वळली की ग्लोव्ह मोठा असला तरी चालतो ना. कोच खूश, कारण बॉल लांब जायचा. मागून आमचा बॅक ओरडायचा, 'धर ना भो!' हळूहळू हाताला तीच सवय लागली. सोपा, एकट्याने घ्यायचा, लोंबत आलेला क्रॉससुद्धा मी पंच करायचो. विभागाच्या निवडीत माझ्या नावापुढे शेरा पडला: क्रॉसवर हात उघडत नाही. शेरा बरोबरच होता. पण हात का उघडत नाही, हे कुणी विचारलं नाही, आणि पुढची यादी लागली तेव्हा वय निघून गेलं होतं. कळस म्हणजे हंगाम संपल्यावर संस्थेचं पत्र आलं, ग्लोव्ह्ज 'सुस्थितीत' परत करावेत. असो. जुनी जळजळ आहे, तुझ्यावर काढत बसत नाही.

तू आज एवढं कर. शिवणकामाची टेप घे, अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी पंजाचा घेर इंचात मोज, पुढच्या पूर्ण आकड्यावर ने आणि त्यात एक मिळव. साडेसात आला तर आठ आणि एक नऊ. कंपनीनुसार थोडा फरक पडतो, त्यामुळे दुकानात घालून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. बोटापुढे अर्धा-पाऊण सेंटिमीटर जागा ठीक, त्याहून जास्त नको. महागडे हवेत असं अजिबात नाही. मापाचा स्वस्त जोड बेमापाच्या भारी जोडापेक्षा केव्हाही सरस. आणि ट्रायलला स्वतःचे चालतील का, हे फोनवर नको, लेखी विचार.

आपल्याकडच्या उन्हाची गोष्ट वेगळी आहे, पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून कळणार नाही. जळगाव-भुसावळकडे कोरड्या हवेत लॅटेक्स सुकून काचेसारखा गुळगुळीत होतो. मॅचआधी तळवे पाण्याने ओले कर, झटक, मधूनमधून पुन्हा कर. गोलपोस्टमागे बाटली ठेवायची ती पिण्यासाठीही आणि यासाठीही. मैदानात मुरूम किंवा काळ्या मातीचा फुफाटा असेल तर पडल्यावर तळवे पुसून घे. मॅचनंतर कोमट पाण्याने धू आणि सावलीत वाळव. गच्चीवर उन्हात टाकलेस की तडे गेलेच.

बॉलही दाबून बघ. नियमात हवेचा दाब 0.6 ते 1.1 अ‍ॅटमॉस्फियर आहे, पण गावोगावच्या स्पर्धांत पंपवाला हात दुखेपर्यंत भरतो, आणि मग तो बॉल दुपारभर उन्हात पडून आणखी टणक होतो. असा बॉल तळव्यावरून उडतो. त्या दिवशी शंका आली तर मूठ, माझी हरकत नाही. रेफरीला मॅचआधी सांगायलाही लाजू नकोस.

पंच मारायचाच तर दोन्ही मुठी जोडून, अंगठे मुठीबाहेर, बॉलच्या मध्याच्या किंचित खाली. उंच, लांब आणि बाजूला. समोर मध्यावर कधीच नाही. दोन हातांचा पंच आलेल्या दिशेला परत पाठवायला, एका हाताचा बॉल तसाच पलीकडे काढून द्यायला. बोट दुखावलं तर 'ओढून बसवतो' म्हणणाऱ्या काकांपासून लांब राहा. टोक खाली झुकून सरळ होत नसेल तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जा. मी डॉक्टर नाही, पण असं ओढून कायमचं वाकडं झालेलं बोट पाहिलंय.

कोचशी वाद घालू नकोस. त्यांनी बहुतेक तुझे सुटलेले बॉल बघूनच तो हुकूम काढलाय. मापाचे ग्लोव्ह्ज घालून सरावात आधी एकट्याने, मग दोन डिफेंडर अंगावर घेऊन क्रॉस धरून दाखव, मग बोल. पकडल्यावर कवटाळून लोळत बसू नकोस. 2025-26 च्या हंगामापासून आठ सेकंदांपेक्षा जास्त धरलास तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. आणि छोट्या डीत, म्हणजे गोलपुढच्या लहान चौकटीत, कीपरला हात लावला की फाउल, असं आपल्याकडे सर्रास समजतात. नियमात असं काही नाही. धक्का लागला म्हणून थांबू नकोस, शिट्टी वाजेपर्यंत खेळ.

उंचीचं विचारलंस. 5 फूट 7 इंच कमीच आहे, खोटं कशाला बोलू. पण मेक्सिकोचा होर्हे कॅम्पोस साधारण तेवढाच होता आणि 1994 व 1998 चे वर्ल्डकप खेळला. तुला बाकीच्यांपेक्षा एक पाऊल आधी निघावं लागेल, आणि काही क्रॉस डिफेंडरवर सोडावे लागतील, ते कोणते हे त्यांच्याशी आधी बोलून ठेव.

टोपीचं म्हणशील तर कीपरला नियमात टोपी चालते. ट्रायल संध्याकाळची असेल आणि तोंड पश्चिमेला आलं तर खुशाल घाल.