व्हॉट्सॲप, ईमेल आणि फोनवरील संवाद एकाच व्यवसाय प्रणालीत कसा आणावा?

आपल्या सुट्या भागांच्या व्यवसायात ऑर्डरी व्हॉट्सॲपवर, दरपत्रके ईमेलवर आणि तक्रारी फोनवर येतात, असे आपण लिहिले आहे. सुरुवात नवे ॲप घेण्यापासून नव्हे, तर ग्राहकांची एकच यादी करण्यापासून करावी. कारण एकच ग्राहक एकीकडे मोबाइल क्रमांकाने आणि दुसरीकडे ईमेल पत्त्याने नोंदलेला असेल, तर कोणतीही प्रणाली त्याला दोन व्यक्ती समजते. त्यासाठी सर्व क्रमांक +९१ सह एकाच पद्धतीने लिहावेत.

त्यानंतर सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी आणि संवाद एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर, केंद्रस्थानी ठेवून प्रत्येक माध्यम एपीआय (दोन सॉफ्टवेअरना जोडणारा दुवा) आणि वेबहुक (नवा संदेश येताच आपोआप कळवणारी सोय) यांद्वारे त्याला जोडावे, म्हणजे आलेला संदेश आपोआप त्या ग्राहकाच्या नोंदीखाली जमा होतो आणि गोदामातील माणसालाही तो दिसतो. व्हॉट्सॲपच्या एपीआयवर ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासच मोकळेपणाने उत्तर देता येते, पुढे पूर्वमंजूर टेम्प्लेटच, म्हणजे व्हॉट्सॲपने आधी मान्य केलेला ठरावीक मजकूरच, पाठवावा लागतो. एसएमएससाठी दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार डीएलटीवर (व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्यांच्या नोंदणीचा ऑनलाइन मंच) नोंदणी करावी लागते.

विक्री प्रतिनिधींच्या खासगी मोबाइलवरील व्यवहार मात्र विनाविलंब कंपनीच्या क्रमांकावर आणावेत, हे मी आग्रहाने सांगेन. अन्यथा माणूस नोकरी सोडतो, तेव्हा ग्राहकाशी झालेले सारे बोलणेही त्याच्याबरोबर जाते.