कोकणातलं साठ-सत्तर वर्षांचं चिरेबंदी कौलारू घर: पाडून स्लॅब टाकावा की दुरुस्ती करावी?

छप्पर गळतंय म्हणून घर पाडायला निघू नका. आधी जोतं आणि भिंती बघा. वासे-रिपा बदलता येतात, जोतं खचलं असेल तर मात्र दुरुस्तीत पैसे ओतण्यात अर्थ नाही.

भिंतीला तडा असेल तर मे महिन्यात त्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी मारून तारीख लिहा. दिवाळीपर्यंत पट्टी शाबूत राहिली तर तडा जुना, निवांत आहे. तुटली तर इंजिनिअरला बोलवा. वाशांची टोकं भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. वाळवी बहुधा तिथूनच सुरू होते, मधला भाग ठणठणीत दिसतो. आमच्या घरी अकरा वासे असे पोकळ निघाले. जांभ्याच्या भिंती मात्र धडधाकट होत्या, म्हणून लोखंडी पाइपांचा सांगाडा करून वर तीच मंगलोरी कौलं चढवली. माजघर उन्हाळ्यातही पूर्वीसारखंच गार आहे.

एक चूक टाळा: मातीत बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. ओल आत कोंडते आणि दोन पावसांत पोपडे सुटतात. चुन्याचा करा.

आणि हो, घर आजोबांच्या नावावर असेल तर पाडण्याआधी चुलते-आत्या अशा सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. नव्या बांधकामाच्या परवानगीला कागद लागतातच, आणि तोवर डोक्यावर जुनं छप्परही नसतं.