गाभण मेंढ्यांना ब्रुसेलोसिसची (गाभ टाकायला लावणाऱ्या जंतूजन्य रोगाची) लस दिली तर चालेल का?

नाही, गाभण मेंढीला देऊ नका. ती गाभ टाकू शकते. मेंढ्यांची रेव्ह-१ लस जिवंत, पण क्षीण केलेल्या जंतूंची असते. म्हणून ती ३ ते ६ महिन्यांच्या माद्यांना, गाभण राहण्याआधीच देतात: कातडीखाली टोचून किंवा डोळ्यात थेंब टाकून. निरोगी पिलाला फार तर थोडे दिवस ताप येतो, चारा कमी होतो. मात्र पुढे काही महिने ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी रोग नसतानाही, लसीमुळेच पॉझिटिव्ह येऊ शकते. डोळ्यातून दिल्यास हा घोळ कमी. आधीच बाधित मेंढी लसीने बरी होत नाही. सरकारी मोहिमेतली एस-१९ लस वासरांसाठी आहे, ती मेंढ्यांना वापरू नका. आणि सुई स्वतःला लागली तर लगेच डॉक्टरांकडे जा, हा जंतू माणसालाही सोडत नाही.