माकडांना विषाणूचं 'आवाहन' दिलं म्हणे!

प्रश्न असा आलाय की एचआयव्हीच्या लशीवरच्या एका लेखात 'लस दिलेल्या माकडांना नंतर विषाणूचे आवाहन देण्यात आले' असं वाक्य आहे, तर इथे आवाहन हवं की आव्हान?

आवाहन मदतीचं करतात, आव्हान लढायचं देतात, हे सांगून सांगून तोंड दुखलं त्यामुळे पुढे जाऊ. खरं म्हणजे इथे दोन्ही नकोत. इंग्रजीतलं चॅलेंज डोळे मिटून उचललंय. लस टोचून काही आठवडे गेले की माकडाच्या अंगात मुद्दाम विषाणू सोडतात आणि लस टिकते का बघतात, त्या बिचाऱ्याला कोण कसलं आव्हान देतंय?

आपल्याकडे 'लागण' हा झकास शब्द पडून आहे. मूळ धातू लग्, म्हणजे चिकटणे, आणि त्याच धातूचं 'लग्न'! एचआयव्ही आधी पेशीवरच्या सीडी४ नावाच्या प्रथिनाला चिकटतो, मग आपल्या जनुकांची डीएनए प्रत थेट पेशीच्या डीएनएत घुसवतो, म्हणजे असं लग्न की घटस्फोटाची सोयच नाही. शिवाय उसाची लागण आपण 'करतो', कलम 'लागलं' म्हणतो, म्हणजे होणे आणि करणे दोन्ही बाजू शब्दात आयत्या आहेत. 'माकडांना विषाणूची लागण करून पाहिली', झालं की वाक्य!

यावर शुद्धवाले 'संसर्ग' पुढे करतात. तो सम् अधिक सृज्, नुसता संपर्क, मिसळणं. आता बघा, बऱ्याच प्रयोगांत एकदम मोठा डोस न देता दर आठवड्याला छोटा डोस देतात आणि कितव्या डोसला विषाणू अंगात ठाण मांडतो ते मोजतात. म्हणजे संसर्ग दर आठवड्याला, लागण एकदाच. हा फरक ज्यांच्या कोशात मावत नाही त्यांनी कोश बदलावा.

आणि 'माकडांना एड्सची लागण' हेही बंद करा. लागण विषाणूची होते, एड्स हा पुढचा आजार. चिंपांझींना एचआयव्हीची लागण होते पण एड्स सहसा होत नाही. ऱ्हीसस माकडांना तर एचआयव्ही-१ नीट लागतच नाही, त्यांच्या पेशीतलं ट्रिम५ नावाचं प्रथिन आडवं येतं, म्हणून तिथे माकडांचा एसआयव्ही वापरतात, नाहीतर त्याला एचआयव्हीचं बाहेरचं आवरण चढवलेला एसएचआयव्ही.

हा नुसता शब्दांचा कीस वाटत असेल तर २००७ साली थांबवलेली 'स्टेप' चाचणी आठवा, म्हणजे एचआयव्हीच्या लशीची माणसांवरची चाचणी. त्या धर्तीच्या लशीनंतरही माकडांना एसएचआयव्हीची लागण झालीच होती, फक्त विषाणू दबून राहिला होता, म्हणजे लागण थांबणं वेगळं आणि विषाणू दबणं वेगळं. माणसांत लागणही थांबली नाही आणि विषाणूही दबला नाही.