गटाच्या भाजीबागेसाठी पैसा कोठून उभा करावा?

प्रश्न : आमच्या बचत गटात अकरा महिला आहेत. एका सभासदाच्या पतीचे विहिरीलगतचे एक एकर वावर पडीक आहे. तेथे सर्वांनी मिळून भाजीपाला लावायचा आहे. ठिबकचे अनुदान गटाला मिळेल काय? भांडवल कोठून आणावे?
– एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ठिबकच्या अर्जात जमिनीची नोंद कोणाच्या नावावर आहे हे पाहिले जाते, म्हणून महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर वावराच्या मालकानेच अर्ज करणे हा सरळ मार्ग आहे. 2 हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना केंद्राचे 55 टक्के आणि राज्याचे पूरक 25 टक्के मिळून 80 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. मात्र ते शासनाने ठरवलेल्या खर्चावर मोजले जाते, दुकानाच्या बिलावर नव्हे. पूर्वसंमती मिळण्याआधी नळ्या विकत घेऊ नका. तशा संचाला अनुदान मिळत नाही, आणि अनेक कुटुंबांचा पैसा नेमका येथेच अडकतो.

माझ्या मते आपल्या बेताचा कच्चा दुवा वेगळाच आहे. जमीन आणि संच एकाच्या नावावर राहतील, मेहनत मात्र अकरा जणींची असेल. बाग उत्पन्न देऊ लागल्यावर वावर परत मागितले गेले, तर गटाकडे काय उरेल? म्हणून पहिली कुदळ मारण्याआधी मुद्रांक कागदावर करार करावा आणि वावर किती वर्षांसाठी, वीजबिल कोणाचे, मुदतीनंतर संच कोणाचा, हे त्यात लिहून घ्यावे. शेजारच्या पऱ्हाटीला (कपाशीला) ओलीत सुरू असताना बागेला कोणत्या दिवशी पाणी मिळेल, हेही त्यात असावे. भांडणे बहुधा पाण्यावरूनच होतात.

भांडवलासाठी प्रथम गटाची बचत वापरावी. गट ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाशी जोडलेला असल्यास फिरता निधी आणि बँक कर्ज या दोन्ही वाटा आहेत, बचत गटाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण द्यावे लागत नाही. बँक मात्र बैठकांचे इतिवृत्त आणि अंतर्गत कर्जाची परतफेड बारकाईने पाहते, तेव्हा वही कोरी ठेवू नका. बागेसाठी पतीचे पीककर्ज वापरू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. एका घराचे खाते थकले तर गट मोडतो.

खतावर पैसा घालण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी रूढ केलेले कंपोस्ट खताचे नाडेप टाके, 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच आणि भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवलेले, पालापाचोळा, तुरीचे कुटार, थोडे शेण आणि माती यांवर भरते. रोही (नीलगाय) किंवा रानडुकरांचा त्रास असल्यास वाचलेली रक्कम कुंपणाला लावा, आणि पहिल्या हंगामात दहा गुंठ्यांतच वांगी, चवळी व सांबार (कोथिंबीर) घ्या.