गोळी बंद करण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. चेहरा गोल झालाय, अभ्यासिकेतल्या मुली 'किती सुटलीस' म्हणतात, म्हणून सोमवारपासून संधिवातावरची वायसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, बंद करणार म्हणतेस. चीड, रड, आरशावर टॉवेल टाक. पण ते करू नकोस.

मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी शरीराला रोज लागणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन बनवतात. काही आठवडे बाहेरून प्रेडनिसोलोन, म्हणजे वायसोलोनमधलं स्टेरॉइड, मिळत राहिलं की त्या आपलं काम आवरतं घेतात. अशात गोळी एकदम तोडली तर बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही. गळून जाणं, उलट्या, चक्कर, बीपी घसरणं, आणि वेळ वाईट असेल तर आयसीयू. म्हणूनच डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर उद्यावर ढकलू नकोस, त्याच दिवशी फोन कर. दाढ काढायची असली तरी स्टेरॉइड चालू असल्याचं आधी सांगायचं. पर्समध्ये तशी एक चिठ्ठी ठेव.

आता या गोळीला शिव्या देण्याआधी एवढं ऐक. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, आणि ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये या कामाला नोबेलही मिळालं. पण जास्त डोस जास्त दिवस दिल्यावर काय होतं, तेही डॉक्टरांना लवकरच कळलं. आज स्टेरॉइड बहुधा मधल्या काळापुरतं देतात. तुझं खरं औषध मेथोट्रेक्सेट. त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर सांधे झिजू नयेत म्हणून ही छोटी गोळी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं, ठरलेल्या वारी. रोज घेतलं तर जिवावर बेततं. कॅलेंडरवर त्या वाराला लाल गोल कर. रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या पूर्वपरीक्षा आली म्हणून चुकवायच्या नाहीत.

वायसोलोन सकाळी नाश्त्यानंतर घे. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही सकाळीच जास्त असतं, आणि संध्याकाळी घेतलीस तर रात्रभर टक्क जागी राहशील. चिडचिड आणि उगाच डोळे भरून येणं हे गोळीचंही असतं, सगळं तुझ्या स्वभावावर घेऊ नकोस. (थोडं स्वभावाचंही आहे, ते मला माहीत आहे.) साखर फक्त उपाशीपोटी तपासून खूश होऊ नकोस, सकाळच्या गोळीने वाढलेली साखर दुपारी जेवणानंतर दिसते.

भूक मात्र राक्षसी लागते. रात्री अकराला टिळक रोडवर वडापाव शोधण्यापेक्षा खोलीत फुटाणे आणि काकडी ठेव. मेसचं लोणचं, पापड, फरसाण बाजूला सार, मिठाने अंगात पाणी साठतं. दूध, दही, तीळ, आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची भाकरी. मेसच्या मावशींना सांगितलंस तर करून देतील. डोस उतरला की चेहराही उतरतो, पण त्याला महिने लागतात.

गोळी तीन महिन्यांवर जाणार असेल तर हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल स्वतःहून विचार. जांघेत खोल दुखायला लागलं, धूसर दिसलं, शी काळी झाली किंवा ताप आला, तर अंगावर काढू नकोस. स्टेरॉइडमुळे संसर्गाची लक्षणं दबून राहतात, वरवर फारसं दिसत नाही.

दुखण्याचं म्हणशील तर सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकला ते रोज वहीत लिही. 'खूप दुखतं' यापेक्षा 'पाऊण तास मूठ वळत नाही' हे डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचं. डिसेंबरच्या थंडीत उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलव, मग पेन धर. पेनला जाड रबरी पकड लाव, मुख्य परीक्षेच्या लिखाणात मनगट वाचेल. वाड्याचा जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. सांधे सुजलेले असताना पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचा हट्ट नको. सूज ओसरली की मात्र रोज सारसबागेत चाल, नुसतं पडून राहिल्याने स्नायू आणखी सुकतात.

दुखलं की मेडिकलमधून पेनकिलर आणतेस, ते थांबव. स्टेरॉइडच्या जोडीला तसल्या गोळ्यांनी पोटात अल्सर होतो. डॉक्टर चालेल म्हणतील तीच घे.

गावाकडून आलेलं ते बिनलेबलचं चूर्ण कपाटातून काढून डॉक्टरांना दाखव. 'दोन दिवसांत फरक' म्हणणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. म्हणजे तू मोजूनमापून गोळी घेणार आणि वर चमचाभर न मोजलेलं! आईने प्रेमाने पाठवलंय, तेव्हा तिच्याशी भांडू नकोस. तिला माझा नंबर दे, चूर्णाचं मी बोलते.

तुझी,
काकू