क्विन्सीच्या नट आयलंडला फिरायला जावं का? खाली सांडपाण्याचं स्टेशन आहे म्हणे, वास येतो का?

जा की, नक्की जा. अमेरिकेत बॉस्टनच्या दक्षिणेला हाऊज नेक (Houghs Neck) या भूशिराच्या टोकाला आहे हे, नाव आयलंड असलं तरी आता जमिनीला जोडलेलं आहे त्यामुळे बोट वगैरे लागत नाही. १९५२ ला इथे सांडपाण्याचा प्लांट झाला आणि पुढे कित्येक वर्षं अर्धवट शुद्ध केलेलं पाणी आणि गाळ सरळ बंदरात जायचा, फार वाईट अवस्था होती. १९९८ ला तो बंद झाला. त्या जागी आता फक्त स्टेशन आहे: दक्षिणेकडच्या गावांचं सांडपाणी इथे येतं, कचरा आणि रेती काढली जाते आणि मग समुद्राखालच्या जवळपास ८ किमी बोगद्यातून ते डिअर आयलंडला जातं, खरं शुद्धीकरण तिकडे. बरंचसं काम जमिनीखाली चालतं, आतली हवाही गाळून सोडतात, त्यामुळे वासाच्या भीतीने बेत रद्द करू नका. वर गवत, पायवाट, आणि पिअरवर (समुद्रात गेलेल्या धक्क्यावर) लोक गळ टाकून बसलेले असतात. समोर पेडॉक्स आयलंड, लांबवर बॉस्टनच्या इमारती. वारा मात्र जबरदस्त, उन्हाळ्यातसुद्धा जाकीट ठेवा.